थंडरबर्ड : वर्गणीवर तगलेली टपालपेटी

२००४ साली एप्रिलच्या पहिल्या तारखेला गूगलने जीमेल जाहीर केलं. तेव्हा हॉटमेल २ मेगाबाइट जागा द्यायचं आणि याहू ४. जीमेलने एकदम १ गिगाबाइट देऊ केली आणि तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला थंडरबर्डची १.० आवृत्ती बाहेर पडली. लोकांनी आपली मेल दुसऱ्याच्या संगणकावर सोपवायला सुरुवात केली आणि ती आपल्याच संगणकावर उतरवून ठेवणारा हा मोफत प्रोग्राम त्याच वर्षी कामाला उभा राहिला. काळ पहिल्या दिवसापासून त्याच्या विरोधात होता. तरी आज तो चालू आहे, आणि नुसता चालू नाही तर पूर्वी कधी नव्हता इतका जोमात आहे. हे कसं घडलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण यात कुणा श्रीमंत कंपनीची कृपा नाही. उलट, ज्या संस्थेच्या घरात तो जन्मला तिनेच त्याला दोनदा दूर सारलं होतं.

त्याचं कूळ नेटस्केपचं. १९९८ च्या मार्चमध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. ब्राउझर, मेल, पत्त्यांची वही, पानं बनवण्याचं साधन असं सगळं त्या वेळी एकाच गाठोड्यात होतं. गाठोडं जड झालं म्हणून ब्राउझर वेगळा काढला, तो फायरफॉक्स. मेलचा भाग वेगळा काढला, तो थंडरबर्ड. स्कॉट मॅकग्रेगर आणि डेव्हिड बिएनव्हेन्यू हे त्याचे सुरुवातीचे मुख्य कारागीर. २००३ च्या जुलैमध्ये ०.१ आवृत्ती आली आणि दीड वर्षात तो रोजच्या कामाला घेण्याइतका पक्का झाला.

आपल्याकडे ईमेलची सुरुवात मुंबईतूनच झाली, याची आठवण इथे द्यायला हवी. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून पवईच्या आयआयटीकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट या सरकारी जाळ्यावरून मेल जाऊ-येऊ लागली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. मोडेम किरकिरत जोडला जायचा आणि फोनचे पल्स पडत राहायचे. म्हणून मेल-प्रोग्राम ही चैन नव्हती, गरज होती. जोडणी करायची, सगळी मेल संगणकावर उतरवायची, लगेच जोडणी तोडायची आणि मग पंख्याखाली बसून निवांत वाचायची. उत्तरं लिहून ठेवायची आणि पुढच्या जोडणीत एकगठ्ठा सोडायची. ज्यांनी युडोरा किंवा आउटलुक एक्स्प्रेसवर असे दिवस काढले, त्यांना थंडरबर्डची मांडणी पहिल्याच दिवशी घरची वाटली. डावीकडे फोल्डर, वर मेलची यादी, खाली मजकूर.

मराठीत लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण होती. युनिकोड रुळेपर्यंत श्रीलिपी किंवा तशाच एखाद्या फॉन्टमध्ये लिहिलेलं पत्र समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला तर निव्वळ कचरा होऊन पोचायचं. लग्नपत्रिकेपासून संस्थेच्या अहवालापर्यंत सगळं चित्र करून जोडावं लागे. थंडरबर्डला देवनागरी पत्र नीट दाखवता आणि पाठवता येत होतं. जुन्या आवृत्त्यांत सेटिंगमध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडावं लागायचं, आता ते आपोआप होतं. हे काम वरकरणी लहान आहे, पण आपल्या भाषेला तेव्हा त्याचीच निकड होती.

चालता प्रकल्प अडचणीत कसा येतो ते आता पाहू. २००७ मध्ये मोझिलाने ठरवलं की आपलं सगळं बळ फायरफॉक्सवर लावायचं. ते व्यवहाराला धरूनच होतं. फायरफॉक्समधल्या सर्च इंजिनच्या करारातून पैसा येत होता आणि मेलमधून दमडी येत नव्हती. मॅकग्रेगर आणि बिएनव्हेन्यू मोझिला सोडून गेले. थंडरबर्डसाठी ३० लाख डॉलरचं बीजभांडवल घालून २००८ च्या सुरुवातीला मोझिला मेसेजिंग ही वेगळी कंपनी काढली आणि डेव्हिड ॲशर तिचे प्रमुख झाले. २००९ च्या डिसेंबरात आलेली तिसरी आवृत्ती या कंपनीची मोठी कामगिरी. टॅब आले, शोध सुधारला, नवं खातं जोडताना सर्व्हरचे पत्ते हाताने भरायची कटकट बरीचशी गेली. पण मेलमधून पैसा कसा उभा करायचा, हा प्रश्न तिथेही सुटला नाही आणि २०११ मध्ये कंपनी पुन्हा मोझिलात विलीन झाली.

२०१२ च्या ६ जुलैला मोझिलाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी जाहीर केलं की थंडरबर्डमध्ये नवं काही घडवणं आता संस्थेच्या अग्रक्रमात नाही. सुरक्षेच्या आणि स्थैर्याच्या दुरुस्त्या चालू राहतील, बाकी जे करायचं ते स्वयंसेवकांनी करावं. पुढचा धक्का २०१५ च्या डिसेंबरात बसला. फायरफॉक्सचे अभियंते थंडरबर्डचं ओझं वाहतात आणि थंडरबर्डचे लोक फायरफॉक्सच्या बदलांमागे धावून दमतात, तेव्हा दोघांनी वेगळं व्हावं, असं बेकर यांनी लिहिलं.

त्यांचं निदान चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. थंडरबर्ड फायरफॉक्सच्याच पायावर उभा आहे. पानं दाखवणारं इंजिन, सुरक्षेचे भाग, खिडक्या आणि बटणं काढायची यंत्रणा, हे सगळं तिकडून येतं. तिकडे शेकडो पगारी माणसं रोज बदल करतात आणि तिथली वीट सरकली की इकडची भिंत हलते. वर्षानुवर्षं मूठभर स्वयंसेवकांनी नोकरीधंदा सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसून ती भिंत पडू दिली नाही. त्या काळात नवं काही दिसलं नाही म्हणून अनेकांनी थंडरबर्ड मेला असं धरलं. मला मात्र या सगळ्या वाटचालीतला तोच भाग सर्वांत मोठा वाटतो. त्या वर्षांत एखादी सुरक्षेची दुरुस्ती राहिली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

या स्वयंसेवकांनी २०१४ मध्ये टोरंटोला एकत्र जमून एक परिषद निवडली होती. निर्णय कुणी घ्यायचे याची तोवर शिस्त नव्हती, ती लागली. पुढे नवं घर शोधायची वेळ आली तेव्हा बोलणी करायला ही परिषद होती. खुल्या सॉफ्टवेअरचे जाणकार सायमन फिप्स यांच्याकडून पर्यायांचा अभ्यास करून घेतला. लिब्रेऑफिस चालवणारी डॉक्युमेंट फाउंडेशन आणि अमेरिकेतली सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी, दोन्हींचा विचार झाला. अखेर २०१७ च्या मे महिन्यात ठरलं ते असं : कायद्याने आणि हिशेबाने थंडरबर्ड मोझिला फाउंडेशनच्याच छत्राखाली राहील, पण आपला कारभार आणि आपला खर्च आपण पाहील. एकाच वाड्यात राहून चूल वेगळी.

वेगळ्या चुलीला शिधा कुठून आणायचा? वापरणाऱ्यांकडून. यात गुंतवणूकदार नव्हते, जाहिराती नव्हत्या, कुणाच्या मेलमध्ये डोकावून माहिती विकायचीही नव्हती. राहिली देणगी. ती येऊ लागली तसतशी माणसं पगारावर घेता आली. २०१८ च्या अखेरीस आठ जण होते. २०२० च्या जानेवारीत एमझेडएलए टेक्नॉलॉजीज ही मोझिला फाउंडेशनच्या मालकीची कंपनी झाली आणि थंडरबर्ड तिच्याकडे गेला. कंपनी केल्यामुळे माणसं नेमणं, भागीदारी करणं, पुढेमागे सेवा विकणं हे मार्ग मोकळे झाले.

पैशाचे आकडे बोलके आहेत. २०२१ मध्ये देणग्या २८ लाख डॉलरच्या आसपास होत्या. २०२२ मध्ये ६४ लाख झाल्या आणि २०२३ मध्ये ८६ लाख. एका वर्षात दुपटीहून मोठी उडी कशी बसली? २०२२ च्या अखेरीला प्रोग्राममध्येच एक साधं आवाहन दाखवलं गेलं. आम्ही देणगीवर चालतो, जमलं तर द्या, एवढाच त्याचा आशय. तोवर लाखो लोक असं समजत होते की मोझिला मोठी संस्था आहे, ती पाहून घेईल. आमच्या टिटवाळ्यात गणपतीची वर्गणी मागायला कार्यकर्ते दारात आले नाहीत तर कोण स्वतःहून नेऊन देतो? मागितल्यावर देतात, आणि पावती हातात पडली की पुढच्या वर्षी न मागता काढून ठेवतात. थंडरबर्डने मागितलं, आणि नंतर पैसा कुठून आला, कशावर गेला याचा अहवाल दरवर्षी मांडला. वापरणारे दोन कोटींच्या आसपास. देणारे त्यातला लहानसा हिस्सा. तेवढ्यावर घर चाललं.

लोकांना हा प्रोग्राम कशासाठी हवा असतो ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. मी टिटवाळ्यात राहतो आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळतो. मांडा-टिटवाळ्यात गेल्या काही वर्षांत किती इमारती उभ्या राहिल्या ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. प्रत्येक इमारतीमागे बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार असतो, पालिकेच्या पाणीबिलाच्या तक्रारी असतात, लिफ्टचे करार, गळतीचे फोटो, कन्व्हेयन्सचे कागद असतात. आमच्या आधीच्या सचिवांनी हे सगळं एका मोफत वेबमेल खात्यात ठेवलं होतं. पदभार बदलला, पासवर्ड कुणाला आठवेना, बरेच महिने कुणी खातं उघडलं नाही आणि एक दिवस सेवा देणाऱ्यांनी ते बंद करून टाकलं. त्यांच्या नियमात ते बसत होतं. बिल्डरने लेखी दिलेली काही आश्वासनं मात्र त्यात गेली आणि पुढे वाद निघाला तेव्हा आमच्या हातात दाखवायला कागद नव्हता.

तेव्हापासून संस्थेची मेल थंडरबर्डमध्ये उतरवून ठेवायची असा नियम आम्ही केला. ती कशी साठते ते एकदा डोळ्यांनी पाहावं. हेल्पच्या मेनूतून ट्रबलशूटिंगचं पान उघडलं की तिथे प्रोफाइल फोल्डरचा रस्ता सापडतो. लोकल फोल्डर्समध्ये प्रत्येक फोल्डरची एक फाइल असते, पुढे कुठलंही एक्स्टेंशन नसलेली. ती नोटपॅडमध्ये उघडता येते. इंग्रजी ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, विषय, मजकूर. पुन्हा तशीच ओळ, पुढचं पत्र. मराठी मजकूर तिथे बहुधा अक्षरं-आकड्यांच्या रांगेसारखा दिसतो, पण तो शाबूत असतो. एमबॉक्स नावाची ही रीत थंडरबर्डच्या कितीतरी आधीची आहे आणि दुसरे अनेक प्रोग्राम ती वाचू शकतात. उद्या थंडरबर्ड नाहीसा झाला तरी ही पत्रं अडकून पडणार नाहीत. पेन ड्राइव्हवर फोल्डर घेतला की बॅकअप झाला. पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेट जातं तेव्हाही जुनं पत्र शोधून काढता येतं.

या रीतीचा एक तोटा आहे, तो नवख्यांनी ध्यानात ठेवावा. पत्र डिलीट केलं तरी ते फाइलमधून लगेच जात नाही, त्याच्यावर फक्त खूण होते. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केला की फाइल नव्याने लिहिली जाते आणि जागा मोकळी होते. हे न केल्यामुळे फाइली फुगल्या, प्रोग्राम मंदावला आणि लोकांनी थंडरबर्डला नावं ठेवली.

जुन्या घराची डागडुजी किती खोल होती, हेही इथेच कळतं. प्रत्येक फोल्डरच्या फाइलशेजारी एमएसएफ नावाची एक सूची असते. ती मॉर्क नावाच्या पद्धतीने लिहिलेली, आणि मॉर्क थेट नेटस्केपच्या काळातला. खिडक्या आणि याद्या काढण्याची झूल नावाची भाषा तितकीच जुनी. फायरफॉक्सने ती सोडून दिल्यावर थंडरबर्डला ती आपल्या अंगातून एकेक धागा करून उसवावी लागली. त्यात कितीतरी जुने ॲड-ऑन बंद पडले आणि ज्यांचं काम त्यांच्यावर चालायचं ते लोक चिडले. त्यांची चीड रास्त होती. पण पाया बदलल्याशिवाय मजला चढवता येणार नव्हता.

२०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीत पत्रं कुलूपबंद करून पाठवण्याची ओपनपीजीपी सोय प्रोग्राममध्येच आली. आधी त्यासाठी एनिग्मेल हे वेगळं ॲड-ऑन लागायचं. २०२२ च्या १०२ व्या आवृत्तीत पत्त्यांची वही नव्याने बांधली. २०२३ च्या फेब्रुवारीत थंडरबर्डच्या चमूतले आलेसांद्रो कास्तेल्लानी यांनी सगळ्यांसमोर मोकळेपणाने मांडलं की वीस वर्षांच्या थरांवर थर चढलेला हा कोड पायापासून उभारल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याच वर्षी जुलैत ११५ वी आवृत्ती आली, ‘सुपरनोव्हा’ नावाची. मेलची यादी पडद्यावर आणणारा भाग नव्याने लिहिला होता. वरची पट्टी आपल्याला हवी तशी मांडता येऊ लागली, आणि एका ओळीऐवजी दोन ओळींच्या कार्डांत मेल पाहायची सोय झाली. चिन्हही बदललं, आणि ते नव्याने काढलं जॉन हिक्स यांनी, ज्यांनी फायरफॉक्सचं आणि थंडरबर्डचं मूळ चिन्ह रेखाटलं होतं.

जुन्यांनी कुरकुर केली. वर्षानुवर्षं डोळे मिटून जिथे क्लिक करत होतो ते बटण हललं की राग येतोच. पण एक गोष्ट थंडरबर्डच्या लोकांनी शहाणपणाने केली. जुना रांगांचा तक्ता काढून टाकला नाही. ज्याला कार्डं हवीत त्याला कार्डं, ज्याला एका पडद्यावर दाटीने पन्नास मेल पाहायच्या आहेत त्याला दाट मांडणी. आमच्या संस्थेतले ज्येष्ठ खजिनदार अक्षर मोठं करून सैल मांडणीत वाचतात, मी दाट ठेवतो. नवं करताना जुन्या माणसाची सवय मोडायची नाही, हे भान ज्या संस्थांना राहतं त्या मला विश्वासाच्या वाटतात.

बाहेरच्या जगाचीही खबर ठेवावी लागली. गूगलने २०२२ मध्ये नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बहुतेक खात्यांसाठी बंद केलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही एक्स्चेंज या आपल्या मेलसेवेच्या बाबतीत तोच रस्ता धरला. ज्या जुन्या मेल-प्रोग्रामकडे कुणी लक्ष देत नव्हतं ते त्या दिवसांत एकेक करून कुचकामी झाले. थंडरबर्डमध्ये ओऑथची, म्हणजे प्रोग्रामला पासवर्ड न देता परवानगी देण्याची सोय आधीच आलेली होती. एक्स्चेंजची खाती थेट जोडण्याचं काम मात्र लांबलं. त्यासाठी रस्ट या नव्या भाषेत बरंच लिखाण करावं लागलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, १४५ व्या आवृत्तीत, ते लोकांच्या हाती आलं. सरकारी आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत मेल बहुधा एक्स्चेंजवर असते, तेव्हा याचं मोल मोठं आहे. मॉर्कच्या जागी नवा डेटाबेस आणायचं कामही हाती घेतलेलं आहे.

मोबाइलचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारायचा. नवं ॲप शून्यातून लिहिण्याऐवजी त्यांनी के-९ मेल हे अँड्रॉइडवरचं मोफत ॲप आपल्या घरात घेतलं. जेसी व्हिन्सेंट यांनी २००८ च्या सुमाराला सुरू केलेलं आणि पुढे केट्टी या नावाने वावरणाऱ्या जर्मन प्रोग्रामरने बरीच वर्षं जपलेलं हे काम. २०२२ च्या जूनमध्ये दोन्ही प्रकल्प एक झाले आणि ३० ऑक्टोबर २०२४ ला अँड्रॉइडसाठी थंडरबर्ड आला. २०२५ पासून संगणकावरच्या प्रोग्रामची नवी आवृत्तीही वर्षातून एकदा न येता दर महिन्याला मिळू लागली. ज्यांना स्थैर्य हवं त्यांच्यासाठी वार्षिक आवृत्ती ठेवलीच आहे. स्वतःची मेलसेवा आणि भेटीच्या वेळा ठरवण्याचं साधन पैसे घेऊन द्यायची तयारीही त्यांनी चालवली आहे. मूळ प्रोग्राम मोफतच राहणार आहे. देणग्यांना जोड म्हणून हे उत्पन्न उभं राहिलं तर बरंच. एका सालच्या देणग्या घटल्या म्हणून माणसं कमी करायची पाळी येऊ नये.

या सगळ्यात आपण कुठे आहोत? मोझिलाचाच फायरफॉक्स मराठीत मिळतो, कारण मराठी माणसांनी बसून त्याचं भाषांतर केलं आणि ते प्रत्येक आवृत्तीबरोबर ताजं ठेवलं. थंडरबर्ड ज्या भाषांत मिळतो त्यांच्या यादीत पंजाबी आहे, मराठी नाही. गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या, ग्रंथालयं, शाळांची कार्यालयं, जिथे मराठीतच कारभार चालतो आणि कागद दहा-दहा वर्षं जपावा लागतो, तिथे हा प्रोग्राम मराठी मेनूंसह मिळाला तर तो बिनदिक्कत वापरला जाईल.

हे काम मोझिलाच्या पोंटून या संकेतस्थळावर होतं. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, ब्राउझरमध्ये एकेक वाक्य समोर येतं आणि त्याखाली मराठी लिहायचं. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात संगणक शिकवणारी महाविद्यालयं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आयुष्यभर मराठी फॉर्म तपासलेली माणसं आहेत. चार-पाच जणांनी मिळून दर रविवारी दोन तास दिले, एकाने लिहिलं ते दुसऱ्याने तपासलं, तर काम मार्गी लागेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी वर्षाला शे-दोनशे रुपयांची देणगी द्यावी. आणि ज्यांना भाषांतर करायचं आहे त्यांनी पोंटूनवर खातं उघडून मराठीच्या संघात नाव घालावं.